बंडूच्या जीपचा काटा

बंडू,

प्रिय-बिय लिवत नाई, मले जमत नाई. तुले जाऊन साल होत आलं. आज तुयी जीप दुरुस्त झाली. हे तुले सोडून कोनाले सांगू?

तू गेल्यापासून ते बैलाच्या कोठ्यातच उभी होती. परवा विकाले काढली, बॅटरी चार्ज करून चावी लावली त डिझेलचा काटा फुल. मी काडी बुडवून पाह्यली, टाकीत बुडापुरतंच डिझेल. अना इंजन चालू केलं त आइलचा लाल लाइट इझेचना. तुमसरचा गिऱ्हाईक मने, "इंजन गेलं, भाऊ. भंगारात द्या. मी परवा येऊन नेतो."

दारामागं तुयी बायको रडून राहिली होती. तिले समजवाव कसं? मी पडलो तिचा भासरा, तुया मोठा भाऊ. लग्न होऊन आली तवापासून कधी मायासमोर आली नाई. आमचं बोलनं होये ते तुयाच तोंडून. तू गेला अना घर मुकं झालं रे.

पन मले पटेना. इंजनाचा आवाज साफ, आइलबी बरोबर. मंग काटा अना लाइट दोन्ही एकदमच कसे बिघडले? वायरच असन. पन मी बॉनेटात डोकं घातलं त काटा कोन पाहीन? घरात दुसरं कोनी नाई. आज गिऱ्हाईक येनार. शेवटी मीच आवाज देल्ला, "बाई, गाडीत बस. काटा हलला का सांग."

पदर ओढून बसली बिचारी.

दसऱ्याले तू धानाच्या लोंब्या काट्याजवळ बांधत होता ना? यंदा तिनं बांधल्या. उभ्या गाडीत! उंदरं लोंब्या खायले आले अना वायरीबी कुरतडून गेले. उघड्या तारा लोखंडाले टेकल्या होत्या. मी त्या अलग केल्या.

"काटा पडला, दादा. लाइटबी इझला."

दादा मनलं तिनं. सालभर मले कोनी दादा मनलं नाई, बंडू. मी उगाच बॉनेटातच डोकं घालून उभा राह्यलो. तुले एवढी कायची घाई होती रे?

गिऱ्हाइकाले वापस धाडलं. तू नेत होता त्या नाकाडोंगरीच्या सवाऱ्या उद्यापासून मीच नेईन. तुयी सीट पुढं ओढून हाये, माये गुडघे स्टेरिंगले लागतेत. लागू दे. सीट मी मागं सरकवनार नाई.

तुया,
दादा