तिचा ब्रेक मोडेपर्यंत

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. ही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. सूड थंड डोक्याने घ्यायचा असतो आणि माझं डोकं कागदावर ओतल्याशिवाय थंड होत नाही.

तर हकिगत. आमची कंपनी चेन सॉ बनवते. म्हणजे झाडं कापायची, दोन्ही हातांत धरून चालवायची साखळीची करवत. मी डिझाइनमध्ये अठरा वर्षं. आज साहेबांनी बोलावून सांगितलं की नव्या मॉडेलला माझा सेफ्टी ब्रेक बसणार नाही. शिष्येचा बसणार. शिष्या म्हणजे आमची नवी डिझाइन हेड. ट्रेनी म्हणून आली तेव्हा कानस कशी धरायची हे तिला मी दाखवलं होतं, म्हणून शिष्या. हे नाव तिला माहीत नाही.

माझ्या ब्रेकमध्ये खोट काय, विचारलं. साहेब म्हणाले, दोन्ही हात करवतीवर असताना तुमचा लिव्हर ओढायला तिसरा हात लागतो. मी म्हणालो, सवयीने जमतं.

वर माझी टेस्टिंगला बदली. काम काय, तर तिचाच ब्रेक तपासायचा. याला म्हणतात जखमेवर मीठ, आणि ते चोळायला पुन्हा मीच.

५ जानेवारी
टेस्टिंग म्हणजे मागच्या बाजूची पत्र्याची शेड. एक टेबल, एक शिकंजा, एक खुर्ची. खुर्चीला तीन पाय आणि एक वीट.

शिष्या स्वतः करवत घेऊन आली. सर, बिनधास्त तपासा, म्हणाली. मुद्दाम ‘सर’ म्हणते. मला टोमणा कळत नाही असं तिला वाटतं.

तिचा ब्रेक असा: पुढच्या मुठीसमोर एक आडवा गार्ड. करवतीचं टोक लाकडात अडकलं की करवत उसळून माणसाच्या तोंडावर येते. येताना मनगट त्या गार्डवर आदळतं, गार्ड पुढे जातो, आतली स्टीलची पट्टी फिरत्या ड्रमला आवळते आणि साखळी जागच्या जागी थांबते. माणसाला काहीच करावं लागत नाही. मग यात कौशल्य ते काय राहिलं?

निश्चय: हा ब्रेक मोडायचा. नियमात राहून. सही-शिक्क्यानिशी.

९ जानेवारी
चार दिवस गार्ड पुढे-मागे, पुढे-मागे. माझ्या अंगठ्याला फोड आला. ब्रेकला काही झालं नाही.

रात्री घरी जेवताना नकळत डब्याचं झाकण पुढे-मागे करत होतो. हिने डबा उचलून आत ठेवला.

१६ जानेवारी
युक्ती सापडली. भुसा, तेल आणि झाडाचा डिंक एकत्र कालवून ब्रेकच्या आत ठासून भरला. शनिवार-रविवार वाळू दिला. आज मशीन चालू करून गार्ड ढकलला तर साखळी थांबली, पण रमतगमत. मधल्या वेळात माणसाची मान उतरली असती.

रिपोर्ट लिहिला. ‘घातक’ हा शब्द तीनदा वापरला. घरी येताना आइस्क्रीम घेतलं. ही विचारते कशाबद्दल. म्हटलं, न्याय मिळतोय.

२४ जानेवारी
शिष्येने ड्रमवर झाकण बसवलं. खाली भुसा पडून जायला खाच पाडली. नवा पीस घेऊन हसत हसत आली. मी तिच्यासाठी खड्डा खणला आणि तिने त्यात रोप लावलं.

हरकत नाही. माझ्याकडे अजून बरेच खड्डे आहेत.

२ फेब्रुवारी
करवत जिन्याच्या वरच्या पायरीवरून सोडून दिली. ‘निसटली’ असं लिहायचं ठरवलं होतं, पण आवाज ऐकून अकाउंट्सवाले बाहेर आले तेव्हा मी हात झटकत उभा होतो. गार्डला तडा गेला. छान. रिपोर्ट.

८ फेब्रुवारी
नवा गार्ड आला, दुसऱ्या प्लॅस्टिकचा. पुन्हा सोडली. जिन्याची पायरी फुटली.

साहेबांनी पायरीबद्दल विचारलं. मी म्हणालो, पायरी आमच्या विभागात येत नाही.

१३ फेब्रुवारी
कँटीनच्या डीप फ्रीझरमध्ये करवत रात्रभर ठेवली. सकाळी स्प्रिंग आखडलेली, गार्ड अर्ध्यात अडकला. आनंदाने मलाही कुडकुडल्यासारखं झालं.

कँटीनवाल्याने साहेबांकडे तक्रार केली. मटारच्या पिशवीला ग्रीसचा वास येतो म्हणे. मोठ्या कामात असं थोडं सोसावं लागतं, असं मी त्याला समजावलं. त्याने आज मला चहा दिला नाही.

२० फेब्रुवारी
स्प्रिंग बदलली. आता फ्रीझरमधून काढल्या काढल्या ब्रेक खाडकन लागतो.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दर आठवड्याला तिचा ब्रेक नापास होतोय आणि तो नापास मी करतोय. वरच्या लोकांच्या नजरेतून ती उतरत असणार. खुर्ची डळमळली की आवाज आधी खालच्यालाच ऐकू येतो. मला येतोय.

२६ फेब्रुवारी
सासूबाई आठ दिवस विश्रांतीला आल्या आहेत. त्यांच्यापुढे करवत ठेवली. साखळी काढलेली, इंजिन बंद. म्हटलं, हा गार्ड जरा पुढे ढकला. त्यांनी चष्मा लावला, पदर खोचला आणि ढकलला. हलला नाही. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ढकलला, तेव्हा करवत टेबलावरून त्यांच्याच मांडीवर आली.

ही स्वयंपाकघरातून येऊन माझ्याकडे नुसती बघत राहिली.

रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘वयस्कर, अशक्त वापरकर्तीस गार्ड जड जातो.’ सासूबाईंनी वाचायला मागितला. ‘अशक्त’ वाचून त्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. शिष्येला मात्र तो फार आवडला. परवा गार्ड हलका करून आणते म्हणाली. काय माणूस आहे. अपमान कळतच नाही तिला.

६ मार्च
शेडमध्ये बसून शिष्येचा निकाल लागणार नाही. ब्रेक खऱ्या झाडावर न्यायचा. तोही अशा हातात द्यायचा की ज्या हातात काहीही टिकत नाही.

असा हात घरातच आहे. माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ. झाडं तोडायची कंत्राटं घेतो. त्याच्या हातात दिलेला पान्हा वाकतो. माझी स्कूटर एकदा नेली, परत आली तेव्हा तिला हॉर्न नव्हता. साहेबांकडून फील्ड टेस्टची परवानगी काढली. मेव्हण्याला फोनवर सांगितलं, अजिबात जपून वापरायचं नाही. तो म्हणाला, भावजी, मी जपून काही वापरतच नाही.

११ मार्च
उद्या टेस्ट. शेडमध्ये पहिल्या आवृत्तीचा जुना पीस टेबलाखालीच पडला होता. भुशाने तुंबणारा, जड गार्डचा तो. हाताशी होता. नवा पीस कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. साहेब मीटिंगमध्ये. कोणाला काही कळलं नसतं.

मीटिंगच्या दारापाशी पाऊण तास उभा राहून किल्ली आणली. का आणली, कळत नाही. बहुतेक जुन्यावरचं तेल कपड्यांना लागलं असतं.

१२ मार्च
जुनं झाड, मोठ्या रस्त्याच्या कडेचं. मेव्हणा दोर बांधून वरच्या फांदीवर. मी खाली स्टॉपवॉच आणि वही घेऊन. तो सांगितल्याप्रमाणे कापत होता, म्हणजे धसमुसळेपणाने. एका हाताने चालवत होता, तेव्हा मी ओरडून सांगितलं की दोन्ही हातांनी धर. हे टेस्टच्या विरुद्ध होतं.

त्याने दुसरा हात मुठीवर टाकला आणि करवतीचं टोक मागच्या फांदीत शिरलं. करवत उसळली ती थेट त्याच्या गळ्याकडे. खटकन आवाज आला. मग इंजिन नुसतं घरघरत राहिलं.

मेव्हणा फांदीवर बसून राहिला. साखळी त्याच्या कॉलरला टेकून थांबलेली. कॉलरचं बटण तुटून खाली माझ्या वहीवर पडलं. मग त्याने वरून पाणी मागितलं.

स्टॉपवॉच दाबायचं राहून गेलं. बुंध्याला टेकून जरा खाली बसलो. सकाळी नाश्ता केला नव्हता.

१३ मार्च
सगळे म्हणतात ब्रेकने वाचवलं. बटण तुटलं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तो मुद्दा रिपोर्टमध्ये घालायला बसलो. दोन तास बसलो. लिहिलं नाही.

आज ही ताट वाढून समोर बसली आणि म्हणाली, “अहो, तुमचं काय वैर असेल ते असेल. माझ्या भावाच्या मानेवर नको.”

मी म्हणालो, वैर कसलं, टेस्टिंग आहे ते. ती उठून गेली. जेवण गेलं नाही. भाजी जरा खारट होती.

१४ मार्च
जुना पीस हातोड्याने फोडून भंगारात टाकला. शेडमध्ये जागा कमी पडते.

७ एप्रिल
उद्या फायनल मीटिंग. साहेब, वरचे लोक, सगळे असणार. मी जानेवारीपासूनचे सगळे दोष एकत्र केले आहेत. स्क्रीनवर एकेक टाकणार, सावकाश. मध्ये मध्ये थांबणार. शेवटी विचारणार की असा ब्रेक आपण लोकांच्या हातात द्यायचा का? आणि खाली बसणार.

आरशासमोर खाली बसून पाहिलं. चांगलं बसता येतं.

८ एप्रिल
टाकले. थांबलो. विचारलं. बसलो.

साहेबांनी टेबलावरची करवत उचलून गार्ड पुढे-मागे केला. विचारलं, यातला कोणता दोष आज या पीसमध्ये आहे? मी कागद चाळले. पुन्हा चाळले. वरच्या लोकांपैकी एकाने माझ्यासाठी पाणी सरकवलं.

शिष्या म्हणाली, “एकही नाही, साहेब. सरांनी ठेवलाच नाही.”

ब्रेक पास. टाळ्या. यापुढे कंपनीची कुठलीही वस्तू माझ्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही, असं साहेबांनी तिथेच जाहीर केलं. माझा हात धरून हलवलासुद्धा. मला तो सोडवून घेता येईना.

बाहेर व्हरांड्यात तिला गाठलं. म्हटलं, माझी बदली शेडमध्ये कोणी केली, ते आज मला कळलंच पाहिजे.

“मीच तुम्हाला मागून घेतलं, सर,” ती म्हणाली. “बाकी सगळे माझं डिझाइन बघून छान छान म्हणतात. इतक्या मनापासून मोडणारा माणूस हवा होता. आणि माझ्यावर एवढा राग दुसऱ्या कोणाचाच नव्हता.”

हसून म्हणाली असती तर बरं झालं असतं. हसली नाही.

९ एप्रिल
म्हणजे तीन महिने मी सूड घेत होतो, तो ऑफिसच्या वेळेत, पगारी, आणि तिच्या सोयीने.

१० एप्रिल
रात्री झोप लागली नाही, पण सकाळी दाढी करताना उपाय सुचला. साधा आहे. तिला माझा राग हवाय ना? मग तो मिळणार नाही. यापुढे जे येईल ते छान. छान म्हणायचं, सही करायची, चहा प्यायचा. मग काढ म्हणावं दोष स्वतःच शोधून. हाच खरा सूड, आधीचे नुसते प्रयत्न होते.

मन एकदम हलकं झालं. हिला सांगितलं. ही म्हणाली, बघू.

१७ एप्रिल, सकाळी ९.१०
नवीन वस्तू आली. कुंपणाची झुडपं छाटायचं ट्रिमर. तिचंच डिझाइन. हातात घेतलं. छान आहे. रंगही छान आहे. पेन काढलं.

९.३०
स्विच अंगठ्याखाली येतो. नुसतं उचललं तरी दाबला जाईल. माझा काय संबंध? छान आहे.

१०.१५
सही अर्धी केली आहे. ओला हात लावून एकदा बघतो, म्हणजे मनात काही राहायला नको. बाकी सगळं छान.

दुपारी १.००
बादलीत बुडवलं. उचलताना आपोआप चालू झालं आणि माझ्या पँटचा खिसा गेला. असली वस्तू लोकांच्या हातात द्यायची? हिला डिझाइन हेड कोणी केलं? कानस धरायला शिकवली तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुपारी ४.००
रिपोर्ट पाठवला. चार पानं झाली.

४.०५
शिष्येचं उत्तर आलं: थँक यू, सर. सकाळपासून वाट बघत होते.