बिनकामाचं वाक्य

९ जानेवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्यापेक्षा कमी बोलतात. हे पत्र नेहमीप्रमाणे शेजारचे घड्याळजी लिहून घेताहेत, डोळ्याला भिंग लावून, जणू माझ्या बोलण्यातही एखादा स्क्रू सैल झालाय.

तुझ्या दादाची काळजी लागून राहिली आहे. कारखान्याच्या फाटकावर मारामारी झाली तेव्हा हा नुसता उभा होता, म्हणून धरला. त्याला दोन वर्षं झाली आणि खटला अजून सुरूही नाही. तेही मी गिळलं. पण तुरुंगात ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या तक्रारी यानं लिहून दिल्या, त्याही डॉक्टरला दाखवत नाहीत, औषध मिळत नाही, एवढ्याच. त्यासाठी त्याला एकट्याला कोठडीत टाकून कागद-पेन काढून घ्यावं, हे कुठलं शहाणपण? चार महिने त्याची ओळ नाही आणि माझी त्याला पोचत नाही. तू म्हणतेस, राज्यघटनेनं कैद्यालाही हक्क दिलेत, ते चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवायचे नसतात. हे आत जाऊन कुणी सांगितलंय का?

तू वरच्या कोर्टात अर्ज केलास, त्याची तारीख होऊन गेली. काय झालं ते सविस्तर कळव. वकील झाल्यापासून तुझी पत्रं समन्सासारखी येतात. घड्याळजी म्हणाले, हे वाक्य गाळू या. गाळलेलं नाही, मी वाचून घेतलं आहे.

लोभ आहेच तुझा; तो जरा कागदावरही दिसू दे.
तुझी आजी
(निशाणी डाव्या अंगठ्याची)


१७ जानेवारी

ती. आजीस,
भिंगरीचा सा. न.

वि. वि. घड्याळजीकाकांना आधीच सांगते, हे पत्र हळू वाचा. बातमी चांगली नाही.

दादानं लिहिलेल्या एकोणीस तक्रारींच्या टाइप केलेल्या प्रती मी अर्जाला जोडल्या होत्या; सरकारी वकिलांनी त्या टेबलावर पत्त्यांसारख्या पसरल्या आणि म्हणाले, सगळ्या एकाच साच्यातल्या आहेत. तक्रार करणारे एकोणीस नाहीतच, एका उपद्रवी माणसानं एकोणीस अंगठे गोळा केलेत. तुरुंगाच्या अधीक्षकांनी त्या माणसांना विचारलं तेव्हा ते गप्प राहिले म्हणे. अधीक्षकांसमोर कोण तोंड उघडेल? आता दादावर खोटे कागद केल्याचा नवा खटला भरायचं म्हणताहेत. तो भरला तर जामीन विसराच. आपल्याला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं आहे.

एक गोष्ट तुलाच सांगते. कोठडीत टाकण्याआधी दादानं माझ्याकडे पोचवलेल्या, त्याच्या हातच्या मूळ कागदांत प्रत्येक तक्रारीच्या शेवटी काहीतरी असंबद्ध आहे. एका न्हाव्यानं पोटदुखीचं सगळं सांगून शेवटी म्हटलंय, मी डावखुरा आहे, पण वस्तरा उजव्या हातानं धरतो. कोर्ट हसेल म्हणून टाइप करताना मी ती वाक्यं काढून टाकली. आत राहून दादाचं लक्ष भरकटायला लागलं की काय, या विचारानं रडूही आलं.

तब्येत जप, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी
भिंगरी


२२ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

वि. वि. तुझं पत्र ऐकलं आणि कपाळाला हात लावला. डोकं तुझ्या दादाचं ठिकाणावर आहे. तुझं जरा बघ.

तुझे आजोबा बोटीवर कामाला होते तेव्हाची गोष्ट. सहा महिने त्यांचं पत्र नव्हतं. मी धान्याच्या दुकानातल्या कारकुनाकडे जाऊन सांगितलं की लिहा, मी रागावले आहे, आता घरी येण्याआधी दहादा विचार करा. कारकून पडला सज्जन. त्यानं लिहिलं, सर्व खुशाल, आपली वाट पाहते. आजोबा आले ते हसत, नवी छत्री घेऊन. मी तीन दिवस बोलले नाही आणि त्या बापड्याला कळेना, बिघडलं काय.

तेव्हापासून माझे दोन नियम. लिहिणाऱ्यानं लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. आणि सांगणाऱ्यानं शेवटी एक असं वाक्य घालायचं, जे लिहिणाऱ्याला सात जन्मांत सुचलं नसतं. कामाचं वाक्य कुणीही कुणाच्याही तोंडी घालतो. बिनकामाचं घालायला कुणाला फुरसत आहे? तुझा दादा दहा वर्षांचा असल्यापासून माझी पत्रं लिहायचा, त्याच्याकडून मी हे घोटून घेतलं आहे. तू तेव्हा झाडावर असायचीस.

तर ते वाक्य म्हणजे त्या माणसांची सही आहे, बाई. तू ती पुसलीस, म्हणून तर ते वकील म्हणतात, सगळे कागद सारखे दिसतात. आता मूळ कागद कोर्टापुढे ठेव. चूक आपली आहे, हेही उभं राहून सांग. मग कोर्टाचा माणूस आत जाऊन, अधीक्षकांना बाहेर बसवून, एकेकाला विचारू दे की शेवटी काय सांगितलं होतंस.

माझं आजचं: पलंगाखाली एक चप्पल सापडली, ती आपल्या घरातल्या कुणाचीच नाही.

रागावले तरी जीव तुझ्यातच आहे, हे वेगळं लिहायला नको.
आजी
(निशाणी डाव्या अंगठ्याची)


१२ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न.

वि. वि. उभी राहिले आणि सांगितलं की प्रती करताना मी वाक्यं गाळली. सरकारी वकील गालात हसले. न्यायाधीश बाईंनी मूळ कागद मागवले आणि वाचतच राहिल्या. मग कोर्टाचा अधिकारी तुरुंगात गेला. बंद खोलीत, एकेकाला, तू म्हणालीस तसं.

सतरा जणांनी आपापलं वाक्य बिनचूक सांगितलं. गवंड्यानं सांगितलं की गावभर घरं बांधली, पण माझ्याच घराचा उंबरा तिरका आहे. न्हाव्यानं तर डावा हात वर करून दाखवला. अठराव्याला वाक्य आठवेना, पण ज्या बकरीबद्दल ते होतं तिची तक्रार त्यानं अर्धा तास सांगितली.

एकोणिसावा बस चालवायचा. छातीत दुखतं, अशी त्याची तक्रार होती. तो गेल्या महिन्यात गेला, आजी. त्याची मुलगी कोर्टात आली होती. बाईंनी त्याच्या कागदावरचं शेवटचं वाक्य वाचलं, बोगद्यातून जाताना माझी मुलगी श्वास रोखून धरते. ती उठून म्हणाली की अजूनही धरते. सरकारी वकिलांनी टेबलावरच्या प्रती गोळा केल्या.

निकाल असा: दादाला कोठडीतून बाहेर काढायचं, कागद-पेन परत द्यायचं. नवा खटला नाही. आजारी कैद्यांना आठ दिवसांत डॉक्टर. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा हक्क आहे. लिहिणाऱ्यानं ते वाचून दाखवायचं, त्यासाठी त्याला शिक्षा करायची नाही. जामिनाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

धपाटा पोचला. असेच अधूनमधून पाठवत जा.
तुझी
भिंगरी


२० फेब्रुवारी

ती. आजीस,
थोरल्याचा सा. न.

मी पुन्हा माणसांत आलो. आठवड्याला चार कागद मिळतात, हे एकाचं चतकोर. बाकीच्यांवर रांग आहे. गवंड्याला खोकल्याचं औषध सुरू झालं. आज उन्हात बसलो, सावली माझ्यापेक्षा जाड दिसली.

पुरे करतो, न्हावी खोळंबला आहे. आहे तसाच तुझा.


२८ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
आजीचे उदंड आशीर्वाद.

वि. वि. पाच महिने वाट पाहायला लावून चतकोर कागद. रागवायचं ठरवलं होतं, पण घड्याळजींनी पाच वेळा वाचून दाखवलं, तोवर राग निघून गेला. सहाव्यांदा त्यांनी दुकानात गिऱ्हाईक असल्याचं सोंग केलं.

जामिनाच्या दिवशी मी कोर्टात येणार आहे. भिंगरी म्हणते, बसून बसून दमशील. मी म्हटलं, दोन वर्षं बसूनच आहे.

आता मन लावून ऐक. पुढच्या महिन्यात तू बाहेर आलास तर आत लिहिणार कोण? तू मला शिकवायला पाटी घेऊन बसायचास आणि मी पळ काढायचे. घरात तू असताना मला अक्षरं कशाला हवीत, असं वाटायचं. तू गेलास आणि पहिल्याच दिवशी कळलं कशाला हवीत. त्या लोकांना तू माझ्यासारखं करून ठेवू नकोस. गवंड्यापासून सुरुवात कर, ओळ सरळ धरायची त्याच्या हाताला सवय आहे. तारखेपर्यंत त्याला निदान स्वतःचं नाव आणि डॉक्टर हा शब्द आला पाहिजे.

कागद त्यासाठी वापर. मला महिनाभर पत्र नको.

तुझ्यावरचा लोभ मी जन्मभर पुरवून वापरते आहे. अजून पुष्कळ शिल्लक आहे.
तुझी आजी
(निशाणी डाव्या अंगठ्याची)