ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं नाव

आई, आज ऑफिसात तुझी फार आठवण आली. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली, पण कोथरूडच्या आपल्या दोन खोल्या मला अजून जशाच्या तशा दिसतात. स्वयंपाक उरकला की तू जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग बोर्ड मांडायचीस. कारखान्यांतले इंजिनिअर पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग पाठवायचे, ती तू ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवून द्यायचीस. काम चार कारखान्यांचं, पण नोकरी एकाही ठिकाणी नाही. ताप असला तरी रजा नाही, कारण रजा मागावी असा साहेबच नव्हता.

मी पाचवीत आहे. एका पंपाचं ड्रॉइंग उतरवताना तू मध्येच थांबतेस. ‘हा नट आवळायला पाना फिरणार कसा? भिंत आडवी येतेय.’ शेजारच्यांकडून फोन करतेस. पलीकडून काय उत्तर येतं ते मला कळत नाही, पण तू साडी बदलतेस आणि मला घेऊन दोन बस बदलून भोसरीच्या कारखान्यात जातेस. तिथले साहेब म्हणतात, ‘बाई, तुम्हाला उतरवायला दिलंय, तपासायला नाही.’ तू म्हणतेस, ‘हो, पण चुकलेलं दिसत असताना तसंच उतरवायला माझा हात धजत नाही.’ ते कागद पुढे ओढून बघतात, मग नटाची जागा बदलतात आणि आपल्या दोघींसाठी चहा मागवतात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नाव मात्र त्यांचंच. परतताना बसमध्ये मी फुरंगटून म्हणाले, ‘सोडून दे त्यांचं काम.’ तू माझ्यावर इतकी कधीच चिडली नव्हतीस. ‘त्यांचं नाही, काम माझं आहे,’ म्हणालीस.

आता मीही पंपांच्याच कंपनीत आहे, डिझाइन विभाग सांभाळते. यंदा वरून ठरलं की अडलेले प्रश्न फक्त आपल्या माणसांपुरते ठेवायचे नाहीत. ते वेबसाइटवर मांडायचे, ज्याला जमेल त्याने घरबसल्या फ्रीलान्सर म्हणून सोडवायचे. माझे सहकारी धास्तावले. उद्या आपल्यालाच घरी बसवतील, अशी कुजबुज सुरू झाली, आणि तसं होणार नाही असं मला छातीठोकपणे सांगता येईना.

पहिलाच प्रश्न पंपाच्या एका झाकणाचा होता. ते उघडून दुरुस्ती करायला अर्धा दिवस जायचा. बार्शीच्या एका इंजिनिअर बाईंनी तो घेतला. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांनी नोकरी सोडली होती. उत्तर देण्याआधी त्यांनी उलट आम्हालाच विचारलं, दुरुस्ती करणारा माणूस उभा कुठे राहतो? माझा सहकारी म्हणाला, ‘मॅडम, त्यांना विचारलंय तेवढंच सांगायला सांगा ना.’ मला भोसरी आठवली. म्हटलं, ‘त्यांना मीटिंगला घ्या.’ व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. त्या ओशाळून उठायला लागल्या. ‘होऊ द्या हो शिट्ट्या,’ मी म्हणाले. तासाभरात तोच सहकारी त्यांना विचारत होता, ‘मग बोल्ट डावीकडे घेतले तर चालेल?’

चाललं. ड्रॉइंगवर त्यांचं नाव घालायचं म्हटल्यावर वरून उत्तर आलं, बाहेरच्यांचं नाव घालायची पद्धत नाही. तीन आठवडे मी पाठपुरावा करत राहिले. फ्रीलान्सरना आजारपणात मुदत वाढवून मिळेल, हेही करारात घालून घेतलं. या दोनच गोष्टी जमल्या. आज मंजूर ड्रॉइंग आलं, त्यांच्या नावासकट. त्यांचा मेसेज आला, ‘सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.’

आई, कुणाचं काम कसं बघायचं हे मला कॉलेजने नाही शिकवलं, तू शिकवलंस. हे तुला समोर बसून सांगायचं राहिलं, आणि हे पत्र तर कुठेच जाणार नाही. म्हणून एक गोष्ट कबूल करते. पाचवीत शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. भोसरीला जाऊन आल्यानंतर. तुला ऑफिस नाही, याची मला लाज वाटायची. तू ते वाचलंस, आणि खाली सही केलीस.