गोल शिक्का

ता. ९, सोमवार, दुपार

चि. भिंगरीस आजीचा आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघे ठीक नाहीत. तुझ्या आईचं तोंड नेहमीसारखं चालू आहे. बाप तुझा कामावर जातो, येतो, जेवतो, झोपतो. घर जागच्या जागी आहे. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा जोडाक्षरं तुझी तू लावून घे.

सोबत मास्तरांचं पत्र आहे. मूळ कागद आहे, घडी घातलेली नाही, पुठ्ठ्यात ठेवून पाठवते. बाकीचं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन लागला की तुझी आई मला चिकटून उभी राहते आणि माझं अर्धं वाक्य तीच पुरं करते. अर्ज जाईपर्यंत पोरीला काही कळता कामा नये असं तुझ्या आईचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे, म्हणून लिहिते.

आधी पत्राची हकिकत. मास्तरांचं पहिलं पत्र तुझ्या वकिलाने परत केलं. मुलगी वेळेवर येते, कष्टाळू आहे, उलट बोलत नाही, असं त्यात होतं. उलट बोलत नाही हे ऐकून मला हसू आलं. वकील म्हणाला, असल्या पत्रावर घरकामाला बाई ठेवतात, कसबाचा व्हिसा देत नाहीत. दुसऱ्या कुणाला जमत नाही असं तिने काय केलं ते नेमकं लिहून आणा, आणि महिनाअखेर अर्ज गेला नाही तर सामान बांधा. तू मला लिहिलंस, आजी, मास्तरांकडून जरा भक्कम लिहून घे. काय लिहून घ्यायचं ते मात्र लिहिलं नाहीस. मूग गिळून बसलीस.

मी गेले. दुकान तसंच आहे, डोळ्यांच्या इस्पितळामागच्या गल्लीत, वर 'कृत्रिम डोळे बनवून मिळतील' ही पाटी, आत खिडकीशी गिऱ्हाइकाची उंच खुर्ची. मास्तर बाकावर बसले होते. मी पुढ्यात उभी राहिले तर म्हणाले, कोण? मला वाटलं माझ्या मागे उजेड आहे म्हणून. आवाजावरून ओळखलं त्यांनी.

मी सरळ मुद्द्यावर आले. ते म्हणाले, मी शिकवलेल्यांना चांगलं म्हणत नाही, चांगलं म्हटलं की हात तिथेच थांबतो. मी म्हटलं, थांबायला तरी तो हात तिकडे राहू दे. मग ते रंगाच्या बाटल्या चाचपत बसले. एकेकीचं झाकण काढायचे, वास घ्यायचे, परत लावायचे. एका डोळ्याने दिसतं तेवढं मला पुरतं. मी विचारलं, मास्तर, कधीपासून?

तुमचा डोळा केला त्याच्याही आधीपासून, म्हणाले.

भिंगरे, लाकडाची ढलपी उडून माझा डावा डोळा गेला आणि मास्तरांनी नवा करून दिला, हे मी येईल त्याला ऐकवत आले. लोकांना गाल ओढून दाखवत आले. गिऱ्हाईक खिडकीत बसायचं, मास्तर हनुवटी धरायचे, तपकिरीत थोडं हिरवं, कडेला काळं, असं मोठ्याने म्हणायचे, आणि तू बशी घेऊन शेजारी उभी. बशी धुवायला म्हणून मागच्या खोलीत जायचीस, तिथे बुबुळ रंगवायचीस. पांढऱ्यावर शिरांसारखे लाल रेशमाचे धागे, तेही तूच. मास्तर फक्त बसवून द्यायचे, बोटांना अजून अंदाज होता म्हणून. आणि मी घरी येऊन तुझे कान धरायची, की मास्तरांचा हात बघ, शीक काहीतरी. तू मान डोलवायचीस. त्याचा राग आहे मला, पण तो आज काढत नाही.

तू गेल्यापासून, तू रंगवून ठेवलेल्या डोळ्यांतलाच त्यातल्या त्यात जुळणारा मास्तरीणबाई निवडून देत होत्या. त्यावर दोघांचं चाललं होतं.

मास्तर म्हणाले, हे लिहिलं तर माझ्याकडे कोण येईल? बरोबर विचारलं त्यांनी. मी काय म्हणाले ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते. मी म्हणाले, "मास्तर, डोळे तुमचे गेले. त्यापायी तिने का घरी बसायचं?"

मास्तरीणबाई आतून बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून परत आत गेल्या. थोड्या वेळाने कागद घेऊन आल्या. मास्तरांनी सांगितलं, बाईंनी इंग्रजीत लिहिलं. मग मला आपल्या भाषेत वाचून दाखवलं. माझ्या नावावर गेलेला प्रत्येक डोळा कित्येक वर्षं हिने रंगवला आहे, मला दिसत नव्हतं, असा हात मी दुसरा पाहिला नाही, माझाही असा नव्हता. सही करताना बाईंनी त्यांचं बोट धरून जागा दाखवली, म्हणून सही वर चढली आहे. वकील विचारेल, त्याला सांग.

मी निघाले तेव्हा मास्तर म्हणाले, "परदेशात कुणाला दाखवायचं ते दाखवा. इथे कुणाला नको."

मी हो म्हटलं.

आता कागदाच्या खाली बघ. गोल शिक्का दिसतोय ना, निळा? तो कुठून आला असेल ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तुझ्या आजोबांच्या मरणाचा दाखला, तुझा शाळेचा दाखला, माझं पेन्शन, बिनशिक्क्याचा कागद माझ्याकडून कुठल्या खिडकीने घेतलाय? नुसत्या सहीला कोण विचारतं? तू भक्कम म्हणालीस, तर मी भक्कम करायला निघाले. डोळ्यांच्या पत्राला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरपेक्षा जड शिक्का कुणाचा? मास्तरांकडे गिऱ्हाइकं तोच धाडतो हे मला ठाऊक होतं. पण शिक्के मारणारे कागद वाचत नाहीत, हा माझा जन्माचा अनुभव. याने वाचला. दोनदा वाचला. मला खुर्ची दिली, शिक्का मारला, कागद हातात ठेवला. मी खुशीत घरी आले आणि तुझ्या आईला म्हटलं, बघ, असं काम करायचं असतं.

त्या दिवसापासून इस्पितळाने एक माणूस मास्तरांकडे धाडला नाही. डॉक्टरला तरी काय बोलायचं, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मग बातमी फुटली आणि जुनी गिऱ्हाइकं येऊ लागली. एक बाई डोळा काढून हातात घेऊन आली म्हणे, हा कुणी केला सांगा. मास्तर प्रत्येकाला खरं सांगत होते. एकाने पाटीवर चिखल फेकला. मी जाऊन पुसून आले, तर बाईंनी दार उघडलं नाही.

गेल्या गुरुवारी मास्तर गेले. भर दुपारी एकटेच बाहेर पडले. एकटे कधी पडत नसत. मोठ्या रस्त्यावर बसखाली आले. लोक म्हणतात, त्यांना दिसलं नाही. मीही तेच म्हणते.

शिक्का घेऊन पाठवते असं मी कळवलं होतं, त्यावर शनिवारी तुझं पत्र आलं. शिक्का लागत नाही, आजी, साधी सही चालते.

रडायचं तर रड, पण कागद बाजूला ठेवून. शाई ओली झाली तर दुसरा मिळणार नाही.

पत्र पाठवावं की फाडावं, हे मला कळेना. म्हणून काल मास्तरीणबाईंकडे गेले. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला सांगा, पत्र लावलं नाही तर मी तुमच्या उंबऱ्यावर येऊन बसेन, आणि उठणार नाही." एवढं बोलून भांडी घासायला लागल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही, मागितली असती तर त्यांनी हातातलं भांडं मारलं असतं आणि ते बरोबर झालं असतं.

तेव्हा पत्र लाव. सही जिवंत माणसाची आहे, तारीखही त्यांच्या जिवंतपणीची आहे. तिकडच्या हापिसाने खात्रीसाठी फोन केला तर बाई उचलतील. मास्तर वारले आणि सही त्यांचीच, एवढं त्या सांगणार आहेत. तू वकिलाला आधीच सांगून ठेव, लपवू नकोस. बाईंना फोन करू नकोस. सांत्वनाला येते म्हणून तिकीटही काढू नकोस. एकदा तिथून निघालीस तर परत आत घेत नाहीत असं तूच लिहिलं होतंस. मग मास्तरही गेले आणि तूही आलीस, असं होईल.

मी केलं ते तुझ्यासाठी केलं असं म्हणून तुझ्या डोक्यावर ओझं ठेवणार नाही. तू पत्र मागितलंस. शिक्का मी मागितला.

उत्तर लिहू नकोस. अर्ज भरलास की आईला फोनवर तेवढं सांग. मी दारामागे उभी राहून ऐकेन.

आजी