शिट्टी बंद केली, सर

प्रिय तावडे सर,

लिहितो लिहितो म्हणत दिवाळी गेली, शिमगाही गेला. एकदा खरंच कागद घेऊन बसलो होतो, तर मित्राचा फोन आला, मनोरीला चल. मार्व्याच्या जेट्टीवरून बोट पकडली, दिवसभर वाळूत लोळलो, कागद खिशातच भिजून गेला. माझं माहितीये ना तुम्हाला!

आज लिहितोय कारण आज डोकं सटकलंय. आणि काढू कोणावर? कराटे क्लासची वेळ होऊन गेली, समाजमंदिराचा हॉल झाडून झाला, आणि हॉलमध्ये फक्त मी आणि हार घातलेल्या फोटोतले तुम्ही.

तुम्ही हॉस्पिटलमध्ये गेल्यावर काकूंनी हॉलची चावी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ब्राऊन बेल्टवाला तूच उरलास, तूच उघड." मी! दहावीला आपटलेला, एका नोकरीत धड टिकत नाही तो. दुसरं कोणी सापडलं नाही का हो तुम्हा दोघांना?

तुमची सकाळ आठवते. अंधारात गल्लीतून चालत यायचात. प्रत्येक चाळीखाली शिट्टी. माझ्या खिडकीखाली जरा जास्तच, आणि तरी नाही उठलो की मालवणी सुरू, "ऊठ रे मेल्या! सूर्य तुझ्या बापाशीचो नोकर आसा काय?" आई हसत हसत माझी चादर ओढायची.

अख्खं वाकोला म्हणायचं, तावडे मास्तरांच्या पोरांना काय शिस्त आहे! कसली शिस्त, सर? आम्ही उठत नव्हतो. तुम्ही उठवत होतात!

वर क्लासमध्ये आम्हाला सांगायचात, शिस्त आतून यावी लागते. आतून कुठून येणार? बाहेर शिट्टी वाजत होती ना! वर्षानुवर्षं शिकवलंत, ठोसा शिकवलात, लाथ शिकवलीत, पण स्वतःचं स्वतः अंथरुणातून कसं उठायचं ते राहिलंच. ते कधी शिकवणार होतात?

मी पण शिट्टी मारून बघितली. पहिल्याच चाळीत पाटकर काका गॅलरीत आले. "मास्तर होते म्हणून ऐकून घेत होतो. तू कोण रे? आधी स्वतः नोकरीला लाग, मग लोकांना उठव." बरोबरच बोलत होते ना.

मग ग्रुपवर टाकलं, उद्या वेळेवर या. सगळ्यांचे अंगठे आले. सकाळी अंगठेवाले आलेच नाहीत. दुपारी नाक्यावर भेटले की, "दादा, पोट दुखत होतं." सगळ्यांचं एकदम? वडापाव खाताना नाही दुखत ते!

तिकडे मंडळाचे सेक्रेटरी मागे लागलेत. "महिनाअखेरपर्यंत बघतो. क्लास चालताना दिसला नाही, तर सकाळचा हॉल झुंबाला." झुंबा, सर! तुमच्या फोटोसमोर! पण त्यांचं तरी काय चुकतं? रिकामा हॉल किती दिवस धरून ठेवणार?

हॉस्पिटलमध्ये भेटायला आलो होतो, तेव्हा नाकात नळी होती तुमच्या. मला वाटलं, काहीतरी बोलाल. पम्या, तू बरा निघालास, असं काहीतरी. तर विचारलंत काय, "क्लास उघडलास?" मी म्हटलं, हो. मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. एक शब्द माझ्यासाठी नव्हता, सर? मी अजून त्याच्यावरून रागावलेलो आहे. सांगून ठेवतो.

मागच्या आठवड्यात ठरवलं, शिट्टी बंद. यायचं त्याने यावं. तेव्हापासून एकटाच काता करतो, तुम्ही लावून दिलेल्या त्या सगळ्या हालचाली, ओळीने. आज मधेच खिडकीत कबुतर फडफडलं. ते बघत बसलो आणि कुठे होतो तेच विसरलो. तुम्ही असतात तर पहिल्यापासून करायला लावलं असतंत. तुम्ही नाही, म्हणून मधलं गाळलं आणि सरळ पुढे गेलो.

आणि असा राग आला म्हणून सांगू! कोणाला फसवत होतो मी? हॉलमध्ये होतं कोण? थांबलो. परत पहिल्यापासून केला. शिव्या देत केला, पण केला.

तर सर, एवढं कबूल करतो. हॉल गेला तर जाऊ दे, पण जाईपर्यंत रोज मीच उघडणार. कोणी येवो, न येवो. मधलं गाळणार नाही. आणि कोणाच्या खिडकीखाली शिट्टी मारणार नाही. याच्यावर तुम्ही रागावणार, माहितीये. रागवा.

एक मिनिट, दारात कोणीतरी आहे.

श्रावणीची आई! श्रावणी म्हणजे आपली ती पिवळ्या बेल्टवाली, लाथ मारताना हसते ती. मला वाटलं, तिचं नाव क्लासमधून कमी करायला आल्या. म्हटलं, "ताई, श्रावणी नाही आली तरी चालेल, जबरदस्ती नाही."

"ती झोपलीय. तिच्यासाठी नाय आले मी."

"मग?"

"पाणी भरून झालं. रोज पहाटे उठतेच मी, नळ जायच्या आत. मग डबे करायच्या वेळेपर्यंत मोकळीच असते." माझ्या कराटेच्या ड्रेसकडे बघितलं त्यांनी. "माझ्याकडे तो ड्रेस नाय. चालेल काय रे?"

चपला बाहेर काढल्यात त्यांनी. ओढणी कमरेला घट्ट बांधून उभ्या आहेत, हात कुठे ठेवायचे ते कळत नाहीये त्यांना. सर, आधी उभं राहायला शिकवायचं ना?

जातो.

तुमचा,
पम्या