नवी गाडी, जुनी गाडी आणि मागची सीट

आदरणीय (वयाने) आणि प्रिय (बाकी सगळ्या बाबतींत) साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. खरं म्हणजे सातच अंगांनी, कारण उजवा गुडघा सध्या नमस्कारात भाग घेत नाही. ते कसं झालं ते ओघात येईल. तुमची कंबर कशी आहे? पट्टा रोज बांधता, की डॉक्टरांकडे जायच्या दिवशीच बांधता? ताईंचं ब्लडप्रेशर उतरलं असेल अशी आशा आहे. (तुम्ही मोटारसायकल सोडल्यापासून ते उतरायला लागलं, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. मी मनाला लावून घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका.) इकडे मी ठीक आहे, दुकानही ठीक आहे. चष्म्याच्या धंद्यात फार घडामोडी नसतात. माणसं येतात, खुर्चीत बसतात आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवरची अक्षरं वाचतात. दिवसभरात इतकी माणसं समोर बसून माझ्याकडे न बघता उठून जातात, की संध्याकाळी शटर ओढण्याआधी मीच एकदा आरशात बघून घेतो.

पत्राचं कारण एवढंच की मोटारसायकलच्या बाबतीत तुमचा सल्ला हवा आहे. फोनवर विचारता आलं असतं, पण तुमचा फोन ताई उचलतात.

आपण दोघांनी एकाच दिवशी घेतलेल्या जोडगाड्यांपैकी तुमची तुम्ही पुतण्याला देऊन टाकलीत. माझी मध्यंतरी गेली. मेकॅनिकने इंजिन उघडलं, बराच वेळ आत बघितलं, हात पुसले आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. (पुसूनही शर्टावर डाग पडलाच.) या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, म्हणाला, घरी न्या तिला. ज्या आवाजात म्हणाला त्यावरून मी काय ते समजलो. आणि मी तिला खरोखरच घरी नेली. सध्या ती दिवाणखान्यात आहे. सोफा जरा सरकवला की छान मावते. तेल गळतं म्हणून खाली आमच्या हिची फुलाफुलांची चादर घातली आहे. (हा भाग ताईंना वाचून दाखवू नये, कारण ताईंना कळलं की पाच मिनिटांत धाकट्या बहिणीला कळतं.) संध्याकाळी मी सोफ्यावर बसतो, ती समोर स्टँडवर उभी असते. टीव्हीपेक्षा बरं. मध्ये जाहिराती लागत नाहीत.

तुमची मेहुणी लेकीच्या बाळंतपणाला तुमच्या गावात आली ती 'बाळ मान धरेपर्यंत' म्हणून, हे तुम्हाला माहीत आहेच. बाळाने मान धरली. मग ते कुशीवर वळलं, मग रांगायला लागलं, आता म्हणे खुर्ची धरून उभं राहतं. नातवाने प्रगती करावी असं आजोबा म्हणून मला वाटणारच. फक्त एका प्रगतीमागे लगेच दुसरी उभी असते, हे निघताना आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. असो. विषय गाडीचा आहे.

तर नवीन स्पोर्ट-टूरर बाजारात आली आहे. पळायला शर्यतीच्या गाडीसारखी आणि बसायला लांबच्या प्रवासाची, असं शोरूममधल्या बाईंनी मला समजावलं. मी म्हटलं, म्हणजे जावई कमावता हवा आणि सवडीचाही हवा, तसं. त्या हसल्या नाहीत. बहुधा त्यांच्या घरी स्थळं बघणं चालू असावं. मी आत शिरलो तेव्हा 'काका' होतो, सीटवर बसताच 'सर' झालो. गाडीत काय नाही ते विचारा. बटण दाबलं की समोरची काच वर सरकते, मुठी गरम होतात, गिअर बदलताना क्लच दाबावा लागत नाही, आणि एकदा वेग ठरवून दिला की तो ती आपणहून सांभाळते. चावी खिशात ठेवून नुसतं जवळ गेलं तरी ती माणूस ओळखते आणि पडद्यावर 'स्वागत आहे' अशी अक्षरं येतात. मी लांब जाऊन पुन्हा जवळ आलो. पुन्हा स्वागत झालं. तिसऱ्यांदा बाईंनी विचारलं, काही अडचण आहे का सर? मी म्हटलं, नाही, खात्री करून घेतोय.

मग त्यांनी पडद्यावरची चित्रं दाखवली. एक हेल्मेट, हेल्मेट आणि बॅग, दोन हेल्मेटं. किती माणसं बसणार ते सांगितलं की गाडी मागच्या स्प्रिंगचा ताण त्याप्रमाणे जमवून घेते. कशावर ठेवू, असं त्यांनी विचारलं. सध्या एका हेल्मेटवर ठेवा, मी म्हटलं. यातलं 'सध्या' मी जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण पलीकडे स्कूटर बघत असलेल्या कुटुंबाने वळून पाहिलं.

आता दुसरी बाजू. याच गाडीचं आधीचं मॉडेल विकायला असल्याची जाहिरात पेपरात होती. मालक हवामान खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. (मी त्यांना मनात हवामानराव म्हणतो, आता तोंडावरही म्हणतो.) गाडी शेडमध्ये, वर सुती अभ्रा, खाली आरशासारखी लखलखीत. नव्या गाडीतल्या सोयी तिच्यात नाहीत, पण वजनाला हलकी, आणि आवाज असा की इंजिन स्वतःशीच काहीतरी आठवून बोलतंय. मी ट्रायल मागितली. हवामानरावांनी आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, पाऊस येणार, आज नको. ऊन मी म्हणत होतं. आम्ही चहा घेतला. पुढच्या खेपेला वारा उलटा होता, चहा घेतला. त्याच्या पुढच्या खेपेला हवा इतकी छान होती की ते म्हणाले, असल्या हवेत गाडीचे दोष कळत नाहीत. चहाबरोबर त्या दिवशी केकही होता.

बाहेर पडताना फाटकाशी एक प्लंबर भेटला, हत्यारांची पिशवी खांद्याला.

"गाडी बघायला आला होता?" त्याने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मीपण. गेल्या उन्हाळ्यापासून बघतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "विकायची नाहीये त्यांना. तुम्ही घाई करू नका."

विकायची नाही हे माहीत असून तुम्ही का येता, असं मी विचारलं. कामावरून घरी जाताना वाटेत पडतं, म्हणाला, आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत आत गेला.

मला आधी राग आला. माणसं बोलावून चहा पाजतो म्हणजे काय, हा व्यवहार झाला का? मग दुसऱ्या दिवशी मी शोरूममध्ये गेलो, तेव्हा तिथल्या वॉचमनने मला सलाम ठोकून गुडघेदुखीवरचं तेल सुचवलं, आणि माझ्या लक्षात आलं की विकत न घेता येत राहणाऱ्या माणसाला तिथेही सगळे चांगलेच ओळखायला लागले आहेत. (गुडघा तेव्हा धड होता. वॉचमनने पुढचं आधीच पाहिलं असं म्हणावं लागेल.) राग तिथेच उतरला.

हवामानरावांच्या गाडीत एकच खोट मला दिसली होती. मागची सीट नव्हती, त्या जागी सामानाची पेटी बसवलेली. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काढून ठेवली. ही गेल्यावर निघताना दर वेळी 'बसलीस का?' असं तोंडातून जायचं. रस्त्यावरची माणसं बघायची." एवढं बोलून ते पेटी पुसायला लागले. ती स्वच्छच होती.

मग मी ठरवलं की दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करूनच काय तो निर्णय घ्यायचा. शोरूमची ट्रायलची गाडी चौकापर्यंत नेऊन आणायची, असा नियम. मी चौकातून वळलो, पण उलट बाजूला, आणि थेट हवामानरावांच्या फाटकाशी नेऊन उभी केली. ते बाहेर आले. भोवती एक फेरी मारून त्यांनी पुढच्या भागावर टिचकी मारली आणि "प्लॅस्टिक" असा शेरा दिला. मी म्हटलं, मागे बसा. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. मीही पाहिलं. आकाशात त्यांच्या उपयोगाचं काहीही नव्हतं. तेव्हा ते आत गेले आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला रेनकोट घालून आले. शोरूमवाल्यांनी हेल्मेटं जोडीने दिली होती, आतून एकमेकांशी बोलता येईल अशी. एक त्यांना दिलं. पडद्यावर मी दोन हेल्मेटांचं चित्र दाबलं, तशी गाडी मागून किंचित उचलली गेली, कुणी मोठं माणूस आलं की आपण अर्धवट उठतो ना, तशी. बसलात का, मी विचारलं. साडूभाऊ, हे दोन शब्द मी किती दिवसांनी बोललो ते मला बोलल्यावर कळलं.

आम्ही निघालो. कानात हवामानरावांचा आवाज, अगदी जवळून. डावीकडून वारा आहे. पुढे पुलावर जास्त लागेल. ढग नाहीत. आणि मग जरा वेळाने, "दिसतंय हो."

"काय?"

"सगळंच. ही सीट उंच आहे. तुमच्या डोक्यावरून रस्ता दिसतो."

आमची ही कायम म्हणायची की तुमच्या मागे बसून इतके घाट उतरले, इतके समुद्र गाठले, आणि बघितलं काय, तर तुमचं जॅकेट. तुम्ही आणि ताई पुढच्या गाडीवर असायचात, तुम्हाला हे ऐकू गेलं नसेल. मला मात्र प्रत्येक घाटात ऐकू यायचं. तेव्हा हवामानराव जे म्हणाले त्यामुळे माझं परत फिरायचं राहूनच गेलं. पूल गेला, गोदामं गेली, तलावाकडचा रस्ता लागला. पडद्यावर एक पिवळं चित्र लुकलुकायला लागलं होतं. त्या गाडीला अगत्य फार, हेही त्यातलंच काही असेल असं मी समजलो. ते पेट्रोलचं होतं.

ढकलायला लागल्यावर गाडीचं खरं वजन कळतं. ते माहितीपत्रकात आहे, पण तिथे ते इतकं वाटत नाही. उतारावर ती कलली, मी गुडघा लावला. गाडीला ओरखडा नाही. मग आम्ही मोरीच्या कठड्यावर बसलो. हेल्मेटं काढायचं दोघांच्याही मनात आलं नाही. खांद्याला खांदा लावून बसलो होतो आणि बोलत होतो मात्र हेल्मेटमधून. समोरच्याचं तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं, दुकानात मी हे रोज बघतो. "मी त्या माणसांना फसवत नाही," ते म्हणाले, "गाडी विकायचीच आहे मला. पण एकदा विकली की दुसऱ्या दिवशी फाटक कोण वाजवणार?" मग मीही त्यांना काही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, विषयांतर होईल.

शोरूममधल्या बाई स्कूटरवरून बाटलीत पेट्रोल घेऊन आल्या. (गाडीने आपण कुठे आहोत ते त्यांना परस्पर कळवलं होतं. चहाडखोरपणा हा तिचा दोष मी नोंदवून ठेवला आहे.) त्यांना लांबून दिसले ते कठड्यावर हेल्मेट घालून बसलेले दोन म्हातारे, आवाज नाही, नुसते हातवारे. डोक्याला मार लागला की काय, असं वाटून बिचाऱ्या धावत आल्या. "काका, फोन तरी करायचा," म्हणाल्या, आणि डोळे पुसले. एवढ्या काळजीने मला कुणी काका म्हटलेलं आठवत नाही. 'सर'पेक्षा ते बरंच वाटलं.

घरी सोडताना हवामानराव फाटकाशी थांबले आणि म्हणाले, माझी गाडी तुम्ही घ्या. खरंच घ्या. फक्त चहाला येत जा. तेव्हा आता दोन्ही गाड्या मला मिळण्यासारख्या आहेत आणि दोघांनाही मी महिनाअखेरीस सांगतो म्हटलं आहे. नवी वजनदार, बोलकी, मागे ऐसपैस. जुनी हलकी, अबोल, एकट्यापुरती. माझं डोकं चालत नाही. तुम्ही या विषयातले जाणकार, शिवाय तटस्थ. कळवा.

लोभ आहेच; तो वाढवण्याऐवजी उत्तरातल्या चार ओळी वाढवा. बाळाला पापा, ताईंना पुन्हा नमस्कार.

तुमचा,
एकाच सासऱ्यांचा धाकटा जावई

ता. क. नव्या गाडीचं माहितीपत्रक सोबत पाठवतो आहे. मागच्या सीटच्या फोटोचं पान दुमडलं आहे. आमच्या लेकीकडे गेलात आणि ते तिथल्या टेबलावर चुकून राहिलं, तर मी तुम्हाला बोल लावणार नाही.

आणखी ता. क. माहितीपत्रक राहू द्या. सरळच लिहितो. ही आधी फोनवर 'या महिन्यात येते' म्हणायची, मग 'बघू' म्हणायला लागली, आता 'जेवलात का' विचारते आणि फोन बाळाच्या कानाला लावते. मी दर वेळी 'सावकाश ये, माझं काही अडत नाही' असं म्हणत आलो आहे. तिला ते खरं वाटलं असावं. तुम्ही तिला विचाराल का? मी विचारायला सांगितलं असं नको. ताई समोर असताना नको. सहज विचारल्यासारखं.

शेवटचं ता. क. यायचं म्हणाली, तर 'नवी घ्या' असं लिहा. तसं काही तिच्या मनात दिसलं नाही, तर खुलासा करत बसू नका. 'जुनीच बरी' एवढं लिहा, आणि खाली ॲव्हरेजबद्दल, टायरबद्दल दोन-चार ओळी घाला, म्हणजे पत्र गाडीबद्दलच आहे असं समजून मला ते पुन्हा पुन्हा वाचता येईल.