सहा बोटं डावीकडे

अण्णा, आज तुमची भिंत फोडली. रागावू नका. रागावलात तरी आता करणार काय, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मोरीतलं तुमचं जुनं बेसिन, दोन लोखंडी ब्रॅकेटांवर बसवलेलं, मागच्या आठवड्यात एका अंगाला कललं. तुमचा नातू म्हणाला, "आई, अब छोड़ो ना, नवीन आणू. खांबावालं." खांबावालं म्हणजे खाली चिनी मातीचा पोकळ खांब, त्यावर बेसिन टेकवायचं, आणि सांडपाण्याची नळी त्या खांबाच्या आड लपते. मला ते पटलं. तुमची वाकडी नळी एकदाची डोळ्यांआड होईल म्हणून पटलं, हेही सांगून टाकते.

ती नळी म्हणजे घरातला चेष्टेचा विषय होता. तुम्ही रेल्वेत ओव्हरसिअर, जेवायला पाट मांडला तरी तो भिंतीशी काटकोनात आहे का ते बघून मग बसणारे. मी मॅट्रिक झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली, आणि मला तुम्ही तुमचा पितळी ओळंबा दिलात. दोरीला टांगलेला भोवराच तो, मी तोंड वाकडं केलं. "जपून ठेव, हा कधी खोटं बोलत नाही," एवढं म्हणालात आणि कचेरीत निघून गेलात. अशा माणसाने स्वतःच्या हाताने बसवलेल्या बेसिनची नळी मधोमध न जाता सहा बोटं डावीकडे भिंतीत शिरलेली. कुणी पाहुणा हात धुऊन आला की माई म्हणायची, "रूळ सरळ टाकतात हो हे, घरातली नळी तेवढी राहून गेली." तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचात, "माप चुकलं." उभ्या आयुष्यात तुम्ही कबूल केलेली ही एकच चूक.

आज सकाळी मिस्त्री आला. खांब उभा करून बघितला, तर भिंतीतलं भोक खांबाच्या बाहेर पडत होतं. नळी मध्यावर घेऊ म्हणून त्याने छिन्नी लावली. चार ठोक्यांत गिलावा पडला आणि तो थांबला. आत आणखी एक नळी होती. शिशाची, पुरी बसवलेली, तोंडात लाकडाची गुल्ली ठोकून वरून सिमेंट लिंपलेली. मी कपाटातून तुमचा ओळंबा काढून सोडला. अगदी नेमक्या मध्यावर, केसाचाही फरक नाही. मिस्त्रीने गुल्ली काढून एक तांब्या पाणी ओतलं, ते सुरळीत खाली गल्लीतल्या नाल्यात गेलं. सहा बोटांवर दुसरी नळी, तीही तशीच खालपर्यंत गेलेली. दगडी भिंतीत दोन-दोन खाचा. "माताजी," तो म्हणाला, "ई गलती ना हौ. पहिले एकदम सीध बइठल रहल, फिर केहू जान के टेढ़ कइले हौ." म्हणजे चूक नव्हेच, कुणीतरी मुद्दाम वाकडी केलेली.

मी हातातली दोरी तशीच धरून भिंतीच्या पलीकडच्या खोलीत गेले. तिथे काय आहे ते मला पाठ आहे, तरी गेले. माईच्या देवांचा कोनाडा. बसून पूजा करता यावी म्हणून खाली घेतलेला, एक वीत रुंद. देव कधीच धाकट्या काकांकडे गेले, आता तिथे माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. इकडून मोजलं, तिकडून मोजलं, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. मधली नळी देवांच्या बरोबर पाठीमागून जाते. वाकडी नळी कोनाड्याची कड जेमतेम चुकवून जाते.

तो रविवार मला लख्ख आठवतो. मी अकरा वर्षांची आहे, दारात उभी आहे. तुम्ही धोतराचा काचा मारून भिंतीवर खूण करताय आणि माई म्हणतेय, "अहो, पलीकडे देव आहेत. आपण चुळा भरणार, ते पाणी त्यांच्या पाठीवरून जाणार का? जरा बाजूला घ्या ना." आणि तुमचा आवाज चढतो. "तुझ्या देवांना पाठ आहे? बेसिन मध्यावर, तर नळी मध्यावर. भटाच्या घरातून मी बाहेर पडलो ते काय दगडांना विचारून नळ्या टाकायला?" शेजारच्या खिडक्यांत माणसं येतात. माई पदर तोंडाशी धरते. त्या दिवशी ती जेवली नाही. तुम्ही जेवलात, ताकभातही घेतलात. मी तुमच्या पानाकडे बघत होते, आणि मला वाटतं मी तेव्हाच तुमच्यावर फुली मारली.

मग माई मला घेऊन अलाहाबादला आत्याकडे गेली, दोनच दिवस. परतलो तेव्हा बेसिन लागलेलं होतं, गिलावा ओला होता आणि नळी वाकडी. तुमच्या उजव्या तळहाताला फडकं बांधलेलं. "ऑफिसात लागलं," म्हणालात. माईने हळद लावली. फोड होते, अण्णा, छिन्नी-हातोड्याचे. तळहाताला फोड येण्यासारखं काम ओव्हरसिअरला ऑफिसात कुठलं, हे मला कळायला आजचा दिवस उजाडावा लागला.

पण मग सांगितलं का नाहीत? हेच मला कळत नाही, आणि सकाळपासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. "हलवली बाई तुझ्या देवांसाठी," चार शब्दांत संपत होतं. ती रोज पहाटे ब्रह्माघाटाच्या पायऱ्या उतरून गंगाजळ आणायची आणि कोनाड्याच्या मागच्या भिंतीवर शिंपडायची. गुडघे गेले तरी, काठी टेकत. नळी कोनाडा चुकवून जाते हे भिंतीबाहेरून दिसत नाही; तिला वाटायचं, आपले देव रोज बाटतात. तुम्ही समोर पेपर वाचत बसलेले असायचात. एकदा तरी म्हणायचं होतंत, नको जाऊस. मरणापर्यंत तिला तसं वाटू दिलंत. का ती तुमची अट होती, की देवांना मान देईन पण दिल्याचं कुणाला कळू देणार नाही? मला हे चांगुलपण वाटत नाही. आणि तुम्हाला वाईट म्हणायला गेले तर तो हळद लावलेला हात आडवा येतो.

की माईला ठाऊक होतं? फोड तिनेच तर बघितले. पुढे नळी गळायला लागली, बदलायची वेळ आली, तेव्हा नळवाला सरळ करून देतो म्हणत होता, आणि तिनेच त्याला अडवलं. "राहू दे तशीच. त्यांच्या हातची आहे." ठाऊक होतं तर मग गंगाजळ कशासाठी? नुसती सवय? की तुमच्या नाकासमोर रोज शिंपडून ती तुम्हाला चिडवत होती, आणि तुम्ही पेपरामागे हसत होतात, आणि घरात काही न कळणारी मी एकटीच होते? नातवाला दुपारी फोनवर दोन नळ्यांचं सांगितलं, तर म्हणाला, "आजोबांना लीकेज मिळालं असेल, इतनी सी बात है." असेलही. पण पाणी तर आज माझ्या डोळ्यांदेखत सुरळीत गेलं.

मला हे सगळं एका वाक्यासाठी लिहायचं होतं. माईच्या तेराव्याला, सगळे नातेवाईक पंगतीला बसलेले असताना, मी तुम्हाला म्हटलं, "तुम्ही तिला आयुष्यभर रडवलंत, तिच्या देवांनासुद्धा सोडलं नाहीत." तुम्ही माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडाल, मी तयारच होते. तुम्ही ताटावरून उठलात, मोरीत गेलात आणि बेसिनपाशी हात धूत राहिलात. किती वेळ नळ चालू होता. मी मनात म्हटलं, बघा, उत्तर नाही. पुढची चार वर्षं तुमचं सगळं केलं, औषधं, पथ्यपाणी, पण मोकळेपणाने बोलले नाही. तुम्ही मला त्या भिंतीपाशी नेऊन बोट दाखवायचं होतंत. मी फोडून बघितली असती.

मिस्त्री विचारत होता, काय करायचं. सरळ नळी तयारच आहे, अर्ध्या तासाचं काम. कोनाड्यात देव नाहीत, माझा विश्वासही नाही, तुमचीच शिकवण. आरसासुद्धा मध्यावर लागलेला. मी त्याला म्हटलं, गुल्ली परत ठोक आणि बेसिनच सहा बोटं डावीकडे घे. त्याने माझ्याकडे बघितलं, मग डोकं खाजवून कामाला लागला. कशासाठी सांगितलं मी असं? माईसाठी, तुमच्यासाठी, की त्या वाक्याची भरपाई म्हणून? विचारलंत तर सांगता यायचं नाही. आता तोंड धुताना मला आरशात माझा एक कान दिसत नाही.

ते वाक्य परत घेते असं लिहायला बसले होते. चार पानं झाली, अजून लिहिलेलं नाही. हे कागद ओळंब्याच्या डबीखाली ठेवीन, तुमच्याकडे येणारं टपाल कुठे आहे. संध्याकाळी मुलगा घरी आला, मोरीत डोकावला आणि हसायलाच लागला. "आई, ये क्या, बेसिन एका बाजूला? कुणी केलं हे?" मी म्हटलं, माझं माप चुकलं. तो आणखी हसला, म्हणाला, खानदानी बीमारी है. मला खरं ते सांगता आलं असतं, तोंडावर आलंही होतं. मी उठले आणि बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिले. हात स्वच्छच होते.